डॅक घ्यायचाय? चिपचं नाव सगळ्यात शेवटी विचारा

फोनमधलं गाणं म्हणजे नुसते आकडे. सीडीच्या दर्जाचं असेल तर सेकंदाला 44,100 मापं, प्रत्येक माप 16 बिटचं, डाव्या बाजूचं वेगळं आणि उजव्या बाजूचं वेगळं. स्पीकरला आकडे कळत नाहीत, त्याला खालीवर होणारं व्होल्टेज लागतं. आकड्यांचं व्होल्टेज करून देणारा भाग म्हणजे डॅक, पूर्ण नाव डिजिटल टू अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर. तो तुमच्या घरात आत्ताही चार-पाच ठिकाणी असेल: फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये, टीव्हीत, सेटटॉप बॉक्समध्ये, ब्लूटूथ स्पीकरमध्ये. वेगळा डॅक घ्यायचा म्हणजे हेच काम जास्त निगुतीनं करणारी पेटी बाहेरून लावायची, एवढंच.

या नादाला नव्यानं लागलेला माणूस पहिला प्रश्न चिपचा विचारतो. ईएसएस कंपनीची बरी की एकेएमची? आर-टू-आर जातीच्या डॅकचा आवाज खरंच गोड असतो का? लातूरला खोली करून राहणारा अकरावीचा पोरगा हेच विचारतो आणि अंबाजोगाईचे निवृत्त गुरुजीही हेच विचारतात. माझं मत उलट्या क्रमाचं आहे. डॅक कशाला जोडायचा, कुठून आवाज घ्यायचा, घरातल्या करंटची अवस्था काय, हे आधी ठरवा. चिप शेवटी. आपल्याकडे मराठवाड्यात तर करंटचा मुद्दा चिपपेक्षा कितीतरी मोठा निघतो.

पहिली पायरी: मुळात लागतोय का?

लॅपटॉपला हेडफोन लावा. गाणं बंद ठेवा, आवाज पूर्ण वाढवा. आता माउस हलवा, एखादी मोठी फाइल कॉपी करा, चार्जर काढून परत लावा. किरकिर, शिट्टी, घूं असं काही ऐकू आलं तर लॅपटॉपच्या आतला गोंधळ हेडफोनच्या पिनपर्यंत पोचतोय. तिथं बाहेरचा डॅक नक्की कामाला येईल. काहीच ऐकू आलं नाही तर आतला डॅक ठीक आहे आणि नव्या पेटीनं जादू होईल अशी अपेक्षा ठेवू नका.

डॅक लागतोच अशा जागा तीन आहेत. फोनला हेडफोनचं भोक नाही. टीव्हीला फक्त ऑप्टिकल आउटपुट आहे आणि तुमच्याकडच्या जुन्या अँपला (अ‍ॅम्प्लिफायरला) मागे लाल-पांढऱ्या पिना आहेत. हेडफोन चालवायला जड आहे, म्हणजे सेनहायझर एचडी 600सारखा 300 ओहमचा, आणि फोनवर त्याचा आवाज पुरत नाही.

ब्लूटूथ हेडफोन किंवा ब्लूटूथ स्पीकर वापरत असाल तर मात्र विषयच संपला. त्यांचा डॅक त्यांच्या पोटात असतो. फोनला बाहेरून कितीही महागडा डॅक लावा, ब्लूटूथवर आवाज त्याला वळसा घालून जातो. आणि आवाज पातळ, कोरडा वाटत असेल तर दोष बहुतेक वेळा स्पीकरचा किंवा हेडफोनचा असतो. पाच हजार रुपयेच असतील तर आधी हेडफोन बदला.

गाणी कुठून येतात तेही बघा. यूट्यूबवरून उतरवलेलं, मग कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं, परत कुणीतरी एमपी3 केलेलं कीर्तन असेल तर त्यात जे गेलं ते गेलं. ॲपल म्युझिकवर 2021पासून लॉसलेस, म्हणजे काहीच न गाळलेलं गाणं मिळतं, सीडी तर घरात असतातच. निदान एक तरी चांगला स्रोत असल्याशिवाय डॅकवर खर्च करण्यात अर्थ नाही.

दुसरी पायरी: दोन टोकं कागदावर लिहा

डावीकडे लिहा आवाज कुठून येणार, उजवीकडे लिहा कुठे जाणार. फोन आणि लॅपटॉपमधून यूएसबी निघते. टीव्हीतून ऑप्टिकल निघते, ती चौकोनी, आत लाल उजेड दिसणारी. जुन्या डीव्हीडी प्लेअरला मागे एकच केशरी पिन असते, ती कोअ‍ॅक्सियल. पलीकडे अँप असेल तर डॅकला आरसीए आउटपुट, म्हणजे त्याच लाल-पांढऱ्या पिना, हवं. नुसता हेडफोन असेल तर हेडफोनचं भोक असलेला, आत छोटा अँप असलेला डॅक हवा. हे न बघता मागवलेले कितीतरी डॅक खोक्यासकट कपाटात पडून असतात, कारण आत यूएसबी आहे आणि घरात टीव्ही.

जुन्या अँपला जोडताना ‘ऑक्स’, ‘सीडी’ किंवा ‘टेप’ लिहिलेल्या जागी जोडा. ‘फोनो’ लिहिलेल्या जागी अजिबात नाही. ती जागा तबकडीच्या प्लेअरसाठी असते, तिथं काही मिलिव्होल्टची अपेक्षा असते आणि डॅक 2 व्होल्ट देतो. आवाज फाटून येतो आणि माणूस डॅकला नावं ठेवतो.

टीव्हीवर थोडं थांबतो, कारण घरोघरी अडचण इथंच येते. ऑप्टिकल वायर लावली, डॅकचा दिवा लागला, पण आवाज नाही, किंवा नुसता खरखराट. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये जा, ‘डिजिटल आउटपुट’ शोधा आणि ‘ऑटो’ किंवा ‘डॉल्बी’ असेल ते बदलून ‘पीसीएम’ करा. साध्या दोन स्पीकरच्या डॅकला डॉल्बीची भाषा येत नाही, पीसीएम येते. दुसरं, वायरच्या टोकाला प्लास्टिकची छोटी टोपी असते, ती काढायची राहते. हसू नका, फार वेळा राहते. तिसरं, टीव्हीच्या रिमोटनं आवाज कमी-जास्त होणं बऱ्याच टीव्हींवर ऑप्टिकलवर बंद होतं. मग आवाज अँपवरूनच फिरवावा लागतो. घरातल्या मंडळींना हे चालणार आहे का, ते आधी विचारा.

नव्या काही टीव्हींना ऑप्टिकलच नसतं, फक्त एचडीएमआय एआरसी असतं, म्हणजे एचडीएमआयच्या भोकातूनच आवाज बाहेर काढायची सोय. साधा डॅक एआरसी घेत नाही. एआरसी लिहिलेला डॅक घ्या, नाहीतर मध्ये एआरसीमधून आवाज काढून देणारी छोटी डबी घ्या. डीडी फ्री डिशवर आकाशवाणीच्या वाहिन्या ऐकायच्या असतील तर हाच मार्ग सोपा: बॉक्स टीव्हीला, टीव्हीतून ऑप्टिकल, मग डॅक, मग जुना अँप.

तिसरी पायरी: करंट आणि अर्थिंग

ही पायरी इंटरनेटवरच्या परदेशी व्हिडिओत फारशी सापडत नाही, कारण तिथं भिंतीतल्या तिसऱ्या भोकात खरंच अर्थिंग असतं.

आपल्याकडे बोर्डावर तीन भोकं असतात, पण तिसऱ्याच्या मागे वायर असेलच असं नाही. असली तर ती कुठेतरी नळाच्या पाइपाला गुंडाळलेली. खड्डा केलेला असला तरी आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पट्टीपासून सुटते, कोरडी पडते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. म्हणूनच जुने वायरमन मार्च-एप्रिलमध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायला सांगतात. ते खुळ नाही.

तपासणी वायरमनकडून करून घ्या, त्याच्याकडे मल्टिमीटर असतो. तीन मापं घ्यायला सांगा. फेज आणि न्यूट्रल: 230च्या आसपास. फेज आणि अर्थ: जवळपास तितकंच. न्यूट्रल आणि अर्थ: शून्य ते दोन-तीन व्होल्ट. फेज-अर्थचं माप 80, 110, 60 असं भटकत असेल तर अर्थिंग नाही, मीटर हवेतलं व्होल्टेज दाखवतोय. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला किंवा अँपच्या स्क्रूला हात लावल्यावर मुंग्या येतात ना, तेही बऱ्याच वेळा याच कारणानं.

याचा डॅकशी संबंध असा. कॉम्प्युटरला तीन पिनांचा प्लग, अँपला तीन पिनांचा प्लग, दोन्ही वेगळ्या बोर्डांवर, आणि मध्ये यूएसबी व आरसीएची तांब्याची वायर. आता अर्थ दोन वाटांनी जोडला गेला, एक भिंतीतून आणि एक तुमच्या आवाजाच्या वायरीतून. त्या रिंगणात 50 हर्ट्झचा मेन्सचा करंट फिरतो आणि स्पीकरमधून घूं येतं. तुम्ही पाच हजारांचा डॅक काढून पन्नास हजारांचा लावा, घूं तसंच राहणार.

उपाय स्वस्तातून महागाकडे करत जा. सगळी साधनं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. घूं गेलं तर चार्जर दोषी. केबल टीव्हीची वायर टीव्हीतून काढून बघा, ती बाहेरून स्वतःचा अर्थ घेऊन येते. एवढ्यानं भागलं नाही तर यूएसबी सोडून ऑप्टिकल वापरा. ऑप्टिकलमध्ये तांबं नाही, फक्त उजेड जातो, त्यामुळे रिंगण तिथंच तुटतं. एक उपाय मात्र कुणी कितीही सांगितला तरी करू नका: प्लगची अर्थची पिन तोडणं. घूं जातं, पण बिघाड झाला तर करंट तुमच्या हातात येतो.

इन्व्हर्टरचं वेगळं प्रकरण. स्वस्त इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह देतात आणि लाइट गेली की अँपमधून जाड भुणभुण सुरू होते. ती डॅकची नसते. प्युअर साइन वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर त्रास नाही. नसेल तर लाइट गेल्यावर फोन आणि छोटा डोंगल डॅक हेडफोनवर ऐका. तिथं भिंतीचा संबंधच येत नाही.

चौथी पायरी: आता चिपचे प्रकार

डॅकच्या जाती मुळात दोन, तिसरी त्यांची चुलत.

पहिली शिडीची, म्हणजे आर-टू-आर. ही समजायला आजीच्या काळची मापं घ्या: शेर, अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक. प्रत्येक माप आधीच्याच्या निम्मं. या पाच मापांत एक छटाकापासून एकतीस छटाकांपर्यंत काहीही मोजता येतं. कुठली मापं पारड्यात टाकायची एवढंच ठरवायचं. 16 बिटच्या डॅकमध्ये अशी 16 मापं असतात, रोधकांच्या (रेझिस्टरच्या) शिडीतून बनवलेली. आलेला आकडा सांगतो कुठली मापं टाकायची, आणि पारड्यातलं वजन म्हणजे त्या क्षणाचं व्होल्टेज. प्रत्येक माप एकतर टाकलेलं नाहीतर काढलेलं, अशा सगळ्या जुळण्या मिळून 65,536 पायऱ्या.

गोम मोठ्या मापात आहे. समजा शेराचं माप एका छटाकानं कमी भरलं. खालची चारही मापं मिळून पंधरा छटाक, आणि शेरही पंधराच. म्हणजे दोन वेगळ्या आकड्यांना एकच वजन आलं. डॅकमध्ये सगळ्यात मोठं माप सगळ्यात लहानाच्या 32,768 पट असतं, त्यामुळे मोठ्या मापात सुमारे 0.003 टक्क्यांपेक्षा जास्त चूक झाली तर लहान माप असून नसल्यासारखं. बाजारात मिळणारे साधे रोधक एक टक्का किंवा पाच टक्क्यांचे असतात. आणि वाईट म्हणजे हे मोठं माप आवाजाची लाट शून्य ओलांडते तिथंच टाकलं-काढलं जातं, म्हणजे तानपुरा विरत जाताना, अगदी हळू आवाजातसुद्धा, प्रत्येक लाटेत. म्हणून चांगली शिडी महाग असते: निवडून घेतलेले रोधक, वर चूक भरून काढणारा प्रोग्राम.

सीडी 1982 साली आली तेव्हा आणि नंतर काही वर्षं प्लेअरमध्ये अशाच बहुबिटी चिपा होत्या. फिलिप्सची टीडीए1541 आणि बर-ब्राउनची पीसीएम63, पीसीएम1704 ही त्यातली गाजलेली नावं; जुने प्लेअर अजून या चिपांसाठी शोधले जातात. आज सुट्या रोधकांची शिडी डेनाफ्रिप्ससारख्या कंपन्या करतात, आणि फिओच्या के11 आर-टू-आरमुळे ती बरीच खाली, मध्यमवर्गीय खिशाजवळ आली आहे.

दुसरी जात डेल्टा-सिग्मा. तुमच्या फोनमध्ये, टीव्हीत आणि बाजारातल्या बहुतेक डॅकमध्ये हीच आहे. इथं सोळा नेमकी मापं बनवायच्या भानगडीत पडत नाहीत. एक किंवा मोजक्याच पायऱ्या ठेवतात आणि त्यांच्यात प्रचंड वेगानं उड्या मारतात. 44,100च्या 64 पट म्हणजे सेकंदाला 28 लाखांहून जास्त वेळा. त्यांची सरासरी म्हणजे आपला आवाज. इतक्या थोड्या पायऱ्यांमुळे भरपूर खरखर तयार होते, पण गणितानं ती 20 किलोहर्ट्झच्या वर ढकलली जाते, जिथं माणसाचा कान पोचत नाही, आणि मग फिल्टरनं कापली जाते. ईएसएसच्या सेबर चिपा, एकेएम, सिरस लॉजिकच्या सीएस43131 आणि सीएस43198 या सगळ्या याच जातीच्या.

कारखान्यात एकसारख्या, स्वस्त आणि अचूक बनवता येतात हा या जातीचा मोठेपणा. सीडीचा शांत-मोठ्या आवाजातला पल्ला सुमारे 96 डेसिबल. आज दहा-पंधरा हजारांच्या आतला चांगला डेल्टा-सिग्मा डॅक 110-120 डेसिबलपर्यंत स्वच्छ मोजला जातो. म्हणजे सीडीत जेवढं आहे त्याहून जास्त देण्याची ताकद.

चिपांच्या नावांत किती दम आहे याचा एक पुरावा. ऑक्टोबर 2020मध्ये जपानमध्ये नोबेओका इथल्या एकेएमच्या कारखान्याला मोठी आग लागली आणि चिपा मिळेनाशा झाल्या. कंपन्यांनी काय केलं? त्याच घराण्याच्या पेट्यांत दुसऱ्याची चिप बसवली. टॉपिंग कंपनीच्या डी90मध्ये एकेएम होती, डी90 एसईमध्ये ईएसएस आली, आणि आवाजाची मोजमापं तरीही उत्तमच राहिली. चिपभोवतीचा वीजपुरवठा, आकड्यांचा ठेका धरणारं घड्याळ, आउटपुटचा भाग नीट असेल तर चिप कुणाची याला फार अर्थ उरत नाही. उलट नावाजलेली चिप टाकून बाकी सगळ्यात काटकसर केलेल्या पेट्याही मिळतात, आणि जाहिरातीत चिपचं नाव सगळ्यात मोठ्या अक्षरात त्यांचंच असतं.

तिसरी, चुलत जात: एफपीजीए. तयार चिप न घेता कंपनी कोऱ्या चिपमध्ये स्वतःचं गणित लिहिते. इंग्लंडची कॉर्ड कंपनी आणि तिचे रॉब वॉट्स यात सगळ्यात प्रसिद्ध. त्यांचा मोजो 2015 साली आला. काम सुंदर, किंमत तशीच. पहिला डॅक म्हणून याच्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं.

आर-टू-आर ‘मऊ’ लागतो म्हणतात, त्याचं काय? काही आर-टू-आर डॅक नॉन-ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे एनओएस, पद्धतीनं (मधले आकडे न भरता, आले तसेच वापरून) चालतात, किंवा तसं बटण देतात. या पद्धतीत सीडीच्या गाण्यावर 20 किलोहर्ट्झजवळचा आवाज सुमारे 3 डेसिबल खाली येतो. झांजेची, टाळांची वरची धार जरा बोथट होते. कुणाला ती आवडते. आवडली तर जरूर घ्या. पण हा गोडवा शिडीतून झिरपलेलं अमृत नाही, मोजता येणारी घट आहे, आणि थोडी तशीच अँपच्या ट्रेबलच्या बटणावरही मिळते. डेल्टा-सिग्मा डॅकवर ‘फास्ट’, ‘स्लो’, ‘मिनिमम फेज’ असे फिल्टर असतात, त्यांचाही खेळ त्याच टोकाला चालतो. चाळिशी उलटली की त्या टोकाचं ऐकू येणं तसंही कमी होत जातं.

डीएसडी, 32 बिट, 768 किलोहर्ट्झ हे खोक्यावरचे आकडे सोडून द्या. पहिल्या डॅकसाठी त्यांचा उपयोग नाही.

पाचवी पायरी: पेटी निवडा

भाव वरखाली होतात, म्हणून अंदाजच सांगतो.

नुसता फोन आणि हेडफोन असेल तर डोंगल: शेपटीसारखी छोटी वायर, एका बाजूला टाइप-सी, दुसऱ्या बाजूला हेडफोनचं भोक. ॲपलचा हजाराच्या आसपासचा डोंगल मापांत उत्तम आहे, पण काही अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज फार हळू येतो. अँड्रॉइड असेल तर फिओचा केए11 किंवा सीएस43131 चिप असलेला जेकॅलीसारखा डोंगल बघा, दोन-चार हजारांत काम होतं. वसतिगृहातल्या मुलांनी याच्या पुढे जाऊ नये. बाकीचे पैसे हेडफोनला.

टीव्ही आणि जुना अँप असेल तर ऑप्टिकल-ते-आरसीए डबी. पाचशे-सातशेच्या बिननावाच्या डब्याही चालतात, फिओचा डी03के त्याहून भरवशाचा. या डब्या 5 व्होल्टवर चालतात आणि दुकानदार सांगतो की टीव्हीच्या यूएसबीतून करंट घ्या. तसं केलं की कधी कधी खरखर येते, कारण ऑप्टिकलनं तोडलेलं रिंगण यूएसबीच्या वायरनं परत जोडलं जातं. मोबाइलचा सुटा चार्जर लावा.

टेबलावर लॅपटॉप, हेडफोन आणि दोन स्पीकर असं सगळं असेल तर डॅक-अँप एकत्र असलेली पेटी, आठ ते पंधरा हजारांत: फिओ के11, टॉपिंग डीएक्स1 या वर्गातल्या. इथं चिपआधी दोन गोष्टी विचारा. आवाजाच्या बटणानं मागचं आरसीए आउटपुटही फिरतं का? आणि हेडफोनच्या बाजूचं आउटपुट इंपीडन्स, म्हणजे पेटीचा स्वतःचा रोध, किती? ते हेडफोनच्या ओहमच्या आठव्या भागापेक्षा कमी हवं. 32 ओहमच्या हेडफोनला 4 ओहमपेक्षा कमी.

संभाजीनगरच्या पैठण गेटला किंवा नांदेडच्या वजिराबादला डोंगल आणि टीव्हीच्या डब्या मिळतात, पण टेबलावरचे डॅक ऐकून घ्यायला जागा जवळपास नाहीच. ते ऑनलाइनच मागवावे लागतात. भारतातल्या अधिकृत विक्रेत्याकडून, जीएसटी बिलासह, आणि परत करण्याची मुदत वाचून. परदेशातून थेट मागवलेला डॅक दोन हजारांनी स्वस्त पडतो, पण बिघडला तर तिकडे पाठवायचा खर्च कुणाच्या खिशातून, ते आधी ठरवा.

सहावी पायरी: जोडणी

विंडोज 10मध्ये 2017पासून यूएसबी डॅकला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. लावला की आवाजाच्या यादीत दिसतो, तिथून निवडायचा. अँड्रॉइड फोनमध्ये डोंगल लावून काहीच झालं नाही तर सेटिंगमध्ये ‘ओटीजी’ शोधा; काही फोनमध्ये ते हातानं चालू करावं लागतं आणि थोड्या वेळानं आपोआप बंद होतं. आयफोन 15पासून टाइप-सी आहे, त्याआधीच्या आयफोनला लाइटनिंगचा जोड लागेल.

अँड्रॉइड बऱ्याचदा सगळी गाणी 48 किलोहर्ट्झमध्ये बदलून पुढे ढकलतो. त्यानं ऐकायला फारसं बिघडत नाही. तरी मनाला लागत असेल तर यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रो हे ॲप डॅकशी थेट बोलतं. अँपला जोडलेल्या डॅकवर फोनचा आणि लॅपटॉपचा आवाज पूर्ण ठेवा आणि अँपवरून फिरवा. हेडफोन लावताना मात्र आधी आवाज शून्यावर आणा, मग कानावर चढवा.

सातवी पायरी: घरी तुलना

दोन डॅक हाताशी असतील, मित्राचा आणलेला असला तरी, तर फरक स्वतः तपासा. पण आवाज समान केल्याशिवाय तपासू नका. जरा मोठा आवाज कानाला नेहमी ‘चांगला’ वाटतो, ‘मोठा’ वाटत नाही. एक डॅक 2 व्होल्ट देतो आणि दुसरा 2.2, तर फरक सुमारे 0.8 डेसिबलचा. तेवढ्यावर दुसरा डॅक जास्त ‘मोकळा’, जास्त ‘जिवंत’ असल्याचं छातीठोक सांगणारे भेटतात.

करायचं असं. अँप बंद ठेवा. फोनवर 100 हर्ट्झचा टेस्ट टोन लावा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर, एक टोक आरसीएच्या मधल्या पिनेला, दुसरं बाहेरच्या कड्याला. आकडा लिहा. दुसऱ्या डॅकचा आकडा घ्या, आणि जो जास्त आहे त्याचा आवाज फोनमधून कमी करत दोन्ही एक टक्क्याच्या आत आणा. एक टक्का म्हणजे 0.1 डेसिबलही नाही.

मग घरातल्या कुणाला तरी वायरी बदलायला बसवा. ‘ताई, कुठला लावलास सांगू नकोस, फक्त लावला म्हण.’ दहा वेळा. तुम्ही कागदावर ओळखून लिहा, ताईनं तिच्या कागदावर खरं लिहावं. पाच-सहा बरोबर म्हणजे नाणं उडवलं असतंत तरी तेच. दहात नऊ किंवा दहा बरोबर आले तर मात्र तुम्हाला फरक खरोखर कळतोय. नुसत्या अंदाजानं तसं यायची शक्यता शंभरात एक.

गाणी अशी घ्या जी तुम्हाला पाठ आहेत. हलगी किंवा संबळ: थापेची सुरुवात टोकदार येते का, आणि थाप संपल्यावर मागे धूसर काही रेंगाळतं का. तानपुऱ्यावरचा आलाप: दोन श्वासांमधली शांतता किती काळी आहे. टाळ-मृदंगाचं भजन: टाळांची गर्दी वाढली की वेगवेगळे ऐकू येतात की सगळे मिळून नुसता ‘छ्श्श’ होतो. आणि उन्हाळ्यात कूलर बंद करून बसा. कूलरच्या घरघरीत दोन डॅकमधला फरक ओळखल्याचा दावा कुणी केला तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला.

फरक ओळखता आला नाही, तर स्वस्त डॅक ठेवा आणि महागडा परत करा, मुदत संपायच्या आत.

वापरताना

मराठवाड्यात एप्रिल-मेच्या वळवात आणि परतीच्या पावसात विजा फार. आभाळ गडगडायला लागलं की बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा. डिशची वायर, केबलची वायर आणि इंटरनेटच्या राउटरचा अडॅप्टरही काढा, कारण वीज तारेनं येते आणि एचडीएमआय, लॅनच्या वायरीतून डॅकपर्यंत पोचते. ऑप्टिकलनं जोडलेला डॅक इथंही जरा सुरक्षित, पण त्याचा चार्जर भिंतीत असेपर्यंत नाही.

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा 42-43 वर जातो. अँपवर डॅक ठेवू नका, दोन्ही तापतात. शेजारी ठेवा, वर विणलेला रुमाल टाकू नका. ऑप्टिकलची वायर कपाटामागे दाबून दुमडू नका, आतला धागा तडकतो आणि आवाज मधूनच तुटायला लागतो. तसं झालं तर डॅक दुरुस्तीला पाठवण्याआधी दीडशे-दोनशेची नवी वायर लावून बघा.